देवाला दिलेला भाऊ

आमच्या घरात अंडं शमूला मिळायचं आणि मला त्याचं कारण मिळायचं. आई स्टोव्हपाशी बसून ते उकडायची, गार पाण्यात टाकायची, सोलायची आणि मीठ लावून त्याच्या ताटलीत ठेवायची. मी बघते आहे हे तिला पाठीमागूनही कळायचं. "त्याला पुढं उपदेश करायचाय. आवाज लागंल. अंगात ताकद नको?" ती म्हणायची. अंड्याने आवाज कसा सुधारतो हे मी कधी विचारलं नाही. मी खालमानेने भाकरी कालवणात मोडत राहायची आणि शमू अंडं खाताना माझ्याकडे बघत राहायचा. तो मला चिडवतो आहे असं मला वाटायचं.

भोरला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. आप्पा डेपोत मेकॅनिक होते. पहाटे गाड्या सुरू व्हायला लागल्या की फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि डिझेलचा वास पांघरुणात शिरायचा. आप्पांच्या कपड्यांचं ग्रीस कधीच पूर्ण निघालं नाही. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि रोज एकदा तरी म्हणायची, "ह्या डेपोतनं माझं एक तरी माणूस बाहीर पडंल." ते एक माणूस म्हणजे शमू. आम्ही ख्रिस्ती. गावात आमची मोजकीच घरं. पाळकसाहेब बाहेरगावचे, बहुतेक रविवारी एसटीने येत, उपासना घेत, एका घरी जेवत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. ज्या रविवारी ते आमच्याकडे जेवायचे त्या दिवशी घरात मटण शिजायचं, आंबेमोहोर तांदळाचा वास गल्लीभर जायचा आणि आई शमूला धुऊन-पुसून त्यांच्या शेजारी बसवायची. मी वाढायला असायची.

माझ्यानंतर आणि शमूच्या आधी आईला एक मूल झालं होतं. ते दोन दिवस जगलं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. त्यानंतर शमू पोटात असताना तिने देवाला शब्द दिला की हे जगलं आणि मुलगा झाला तर तुझ्या सेवेला देईन. शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका बाईची गोष्ट आहे, तिला मूल होत नव्हतं, तिने मंदिरात रडून रडून असंच मागितलं आणि मूल झाल्यावर त्याला याजकाच्या हवाली केलं. त्या मुलाचंच नाव आईने शमूला ठेवलं, शमुवेल. पण मला आज वाटतं, तिचे शब्द शास्त्रातले असले तरी रीत तिथली नव्हती. आईचं माहेर विंझरचं. तिच्या लहानपणच्या सगळ्या मैत्रिणींच्या घरी नवस बोलायचे आणि फेडायचे, आणि फेडला नाही तर काय होतं त्याच्या गोष्टी त्यांच्याकडे होत्या. पाळकसाहेब दर वर्षी एकदा तरी सांगायचे की आपण नवस करत नाही. आई मान डोलवायची. तिच्या दृष्टीने तिने नवस केलाच नव्हता, शब्द दिला होता. पण तो फेडायचा राहिला तर काय, ही भीती मात्र विंझरचीच होती.

मला कुणी कुणाला दिलं नव्हतं. मी नवसाआधीच, अशीच झाले होते. माझं नाव एस्तेर, पण घरात आणि गल्लीत इस्तर.

आणि शास्त्र मला येत होतं. हे मी आता बढाई म्हणून लिहीत नाही, तेव्हा मात्र माझ्याकडे बढाईला तेवढंच होतं. रविवारच्या शाळेत पाळकसाहेब विचारायचे आणि मी उत्तर द्यायची. एकदा त्यांनी महायाजकाचा धडा घेतला. जुन्या काळी मंदिरात आत एक परमपवित्र जागा असे, तिच्यापुढे जाड पडदा. लोक बाहेर उभे राहत. आत फक्त महायाजक जाई, तोही वर्षातून एकदाच, बळीचं रक्त घेऊन, सगळ्यांच्या पापांसाठी. पुढे ख्रिस्त आला, तोच याजक झाला आणि बळीही तोच झाला. तो मेला त्या वेळी तो पडदा वरून खालपर्यंत फाटला. "म्हणून आपल्यात मधे उभा राहणारा माणूस नाही," पाळकसाहेब म्हणाले. "मी तुमचा याजक नाही. मी नुसता पाळक, मेंढरं वळणारा. आत जायची वाट सगळ्यांना मोकळी आहे."

मी हात वर केला. "मुलींनापण?"

"मुलींनापण."

"मग आमच्या आईला सांगा की."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, आणि त्यांनी आईला काही सांगितलं नाही. शमू माझ्या शेजारी बसून खिशातल्या स्क्रूने बाकावर रेघ ओढत होता. त्याने धडा ऐकला नव्हता. मला आठवतं, मला तेव्हा रडूच आलं. पडदा फाटला असेल तर आमच्या घरातला तेवढा कसा शाबूत राहिला, असं काहीतरी मला वाटलं होतं, शब्द असे नसतील. ज्याला आत जायचंच नव्हतं त्याला दारापर्यंत नेऊन सोडत होते, आणि मी वाढायला.

बारावी झाल्यावर मी तीन वर्षं घरी बसले. आईचं म्हणणं, लई झालं. शेवटी पाळकसाहेबांनीच आप्पांना गळ घातली आणि मी भोरच्याच कॉलेजात जायला लागले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला तिथे सुरुवातीला बोलायलाही भीती वाटायची. वर्गात 'न्हाई' तोंडातून निघेल म्हणून मी आधी वाक्य मनात म्हणून बघायची, तोपर्यंत सर पुढे गेलेले असायचे. पण मी गेले, हे खरं. त्याच सुमारास शमूची बारावी झाली आणि तो सेमिनरीत, पाळक होण्याच्या शिक्षणाला, गेला. त्याला सोडायला मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चची, सगळी घरं स्टँडवर आली. हार घातला. पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला आणि आई रडली, आनंदाने. मी कॉलेजात गेले त्या दिवशी आईने मला येताना कोथिंबीर आणायला सांगितलं होतं. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतक्यांदा स्वतःला सांगितली आहे की तिची मलाच लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

वर्षाने तो उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आला. वाळला होता, बोलणं कमी झालं होतं. आईला ते फार आवडलं. तिला वाटलं सेवेचं गांभीर्य आलं. तेवढ्यात पाळकसाहेबांचा गुडघा सुजला आणि विंझरच्या रविवारची अडचण झाली. विंझरला आमचं मंदिर, म्हणजे चर्च, नव्हतं. आईची मावसबहीण चंदामावशी तिथे होती, तिच्या पडवीत महिन्यातून एकदा चारपाच घरं जमायची. पाळकसाहेबांनी निरोप धाडला की या खेपेला शमुवेलला पाठवा. आईने त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला आणि मला म्हणाली, "तू बी जा संगं. त्याला पाणीबिणी बघाय कुणीतरी पायजे."

आदल्या दिवशी शमू माझ्याकडे आला. "ताई, काय बोलू गं?"

"तुला शिकवलं नाही का वर्षभर?"

"शिकवलंय. पण तू सांग."

मग मी सांगितलं. तोच महायाजक, तोच पडदा, पण मी त्यात किती दिवस मनात घोळवलेलं सगळं घातलं. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही आपण कमवायची गोष्ट नव्हे, कुणीतरी आपल्यासाठी आत गेला आणि बाहेर येताना दार उघडं ठेवून आला, हे कसं मांडायचं ते सांगितलं. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं तेही सांगितलं. तो ऐकत होता. मला ते चांगलं सांगता येत होतं आणि ते चांगलं होतं आहे हे मला कळत होतं, आणि उद्या ते त्याच्या तोंडून निघणार हेही.

विंझरला आम्ही पोचलो तेव्हा चंदामावशीने पडवी शेणाने सारवून सतरंज्या टाकल्या होत्या. "या, छोटे पाळकसाहेब," ती म्हणाली आणि शमू कानापर्यंत लाल झाला. "आन ही इस्तर का? केवढी वाढलीस गं. आईला म्हणावं, आता उरकून टाक हिचं." बायका हसल्या. त्यांनी मला आपल्यात ओढून बसवलं, पडवीच्या आतल्या बाजूला, जिथून शमूची पाठच जास्त दिसत होती.

गीत झालं, प्रार्थना झाली. शमू उभा राहिला आणि माझा उपदेश बोलायला लागला. सगळं बरोबर होतं, पण पाठ केलेल्या पाढ्यांसारखं. मी जिथे थांब म्हटलं होतं तिथे तो थांबला आणि पुढचं विसरला. मी आतून ओठ हलवून सांगत होते, त्याला दिसत नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती. मला वाटत होतं, पड. पड एकदाचा, सगळ्यांना दिसू दे.

तेव्हा पुढे बसलेला एक माणूस बोलला. तो चंदामावशीचा पुतण्या, बाळू. तिशीच्या आतबाहेरचा. त्याची बायको माझ्या बाजूलाच बसली होती, तिने उपासनाभर पदर तोंडाशी धरला होता. पंधरवड्यापूर्वी त्यांचं मूल गेलं होतं, हे मला मावशीने येताक्षणी कानात सांगितलं होतं.

"एक इचारू का?" बाळू म्हणाला. "ते दार उघडं हाय म्हणालात, ते बरं वाटलं. पर आमचं लेकरू बाप्तिस्म्याच्या आधीच गेलं. पाळकसाहेबास्नी यायला जमंना, आमाला बी जाया जमंना. त्याचं तारण झालं का न्हाई?"

त्याच्या बायकोचा श्वास मला ऐकू येत होता.

मला उत्तर माहीत होतं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने तारण होत नाही, देवाच्या कृपेने होतं, पाणी ही नुसती खूण. लहान लेकरांना तो स्वतः जवळ घेतो. मला सगळं ओळीने माहीत होतं आणि ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पण मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे शमूकडे बघत होते.

शमू पुढे आला. मग बाळूच्या समोर सतरंजीवर बसला. "मला न्हाई सांगता येत, बाळूदादा," तो म्हणाला. मग, "काय नाव ठिवलं हुतं?"

"बारसं झालंच न्हाई."

"पर काय म्हणायचात?"

बाळूने बायकोकडे पाहिलं. तीच बोलली, पदराआडून. "मुक्ता."

"मुक्ता," शमू म्हणाला. त्याने बाळूचा हात हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. त्याला पुढे काही सुचलं नसणार, मी त्याला ओळखते. पण ती बाई रडायला लागली, मोठ्याने, आणि बाळूही, आणि चंदामावशी उठून तिच्याजवळ गेली. मग शमूने डोळे मिटून प्रार्थना केली, दोनतीनच वाक्यांची. प्रभू, मुक्ताला सांभाळ. तिच्या आईला सांभाळ. आमाला कळत न्हाई. आमेन.

जेवताना सगळ्यांच्या तोंडी एकच. "पोरगं खरं पाळक हाय." चंदामावशीने त्याच्या पानात नाचणीच्या भाकरीवर तूप ओतलं. मी बायकांबरोबर मागून जेवले. नाव विचारायचं मला कधीच सुचलं नसतं. मी बरोबर उत्तर दिलं असतं, आणि ती बाई पदर तोंडाशी धरून तशीच बसली असती. एवढं मला त्या पानावरच कळलं, आणि ते कळल्याने माझा जळफळाट कमी न होता दुप्पट झाला. इतके दिवस मला वाटायचं की त्याच्याकडे नुसता आईचा शब्द आहे आणि खरी गोष्ट माझ्याकडे आहे.

परतीच्या एसटीसाठी आम्ही फाट्यावर झाडाखाली थांबलो. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, "नाव विचारायचं कसं सुचलं तुला?"

"सुचलं न्हाई. काय बोलावं कळंना म्हणून इचारलं." तो चपलेने माती उकरत होता. "ताई, म्या परत जाणार न्हाई."

"कुठे?"

"सेमिनरीत. तिथं त्या प्रश्नाचं उत्तर हाय. परीक्षेला येतं. म्या लिवलं तर पास हुईन, आन मग पुढच्या खेपेला कुणी इचारलं की त्येच सांगीन. सांगत सुटीन. मला गाड्या कळत्यात, ताई. गाडी बंद पडली तर का पडली ते सापडतं. हे न्हाई सापडत."

मला इतका राग आला की माझी कॉलेजची भाषा गळून पडली. "तुला ताटात वाढून दिलंय म्हणून तू नको म्हणतुयास. मला कुणी इचारलं बी न्हाई."

"तू सुटलीस की! तुला कुणी देऊन टाकलं न्हाई." तोही चिडला. "तुला काय वाटतं, मला ते अंडं आवडायचं? वास यायचा मला त्याचा. तुझ्याकडं बघत खायचो, वाटायचं तू मागशील. मागितलंस का कधी?"

तो माझा हेवा करत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या सुटकेचा हेवा. मला ती सुटका नको होती आणि त्याला ती देणगी नको होती, आणि अदलाबदल करायची सोय कुणाच्याच हातात नव्हती. एसटी आली तेव्हा आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

त्याने घरी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. आप्पा म्हणाले, "डेपोत शिकाऊ भरती निघती," आणि त्यांना आनंद लपवता येईना म्हणून उठून बाहेर गेले. आई मात्र भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिने त्याला बोल लावला नाही, मारलं नाही. दोन दिवस ती त्याला घराबाहेर पडू देईना. तो नळावर गेला तरी दारात येऊन उभी. रस्ता ओलांडू नको म्हणे. विहिरीकडे जाऊ नको. शिंकला तर कपाळाला हात लावून बघे. मग मला उमगलं की ती चिडलेली नव्हती. ती वाट बघत होती, देव त्याला परत नेण्याची.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब काठी टेकत आले. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली. शमू दाराशी उभा, मी स्टोव्हपाशी चहा करत होते.

"मी शब्द दिला हुता, साहेब," आई म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "त्यो मोडला."

"कुणाला दिला होता?"

"देवाला."

"त्याने मागितला होता का?"

आई म्हणाली, "मागितला न्हाई. पर पोरगं तर वाचीवलं त्यानं. आता दिलं न्हाई तर घिऊन जाईल. आधीचं नेलं तसं."

ते मूल आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं कुणाच्या तोंडी आलं. आप्पांनी मान खाली घातली. पाळकसाहेबांनी चहाचा कप माझ्या हातून घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"इतकी वर्षं तू हे मनात धरलंस आणि मी दर महिन्याला तुझ्या हातचं जेवून गेलो," ते म्हणाले. त्यांचा आवाज उपदेशाचा नव्हता. "अगं, तो नेणारा नाही. मुलगा द्यायचा होता तो त्याने स्वतःचा दिला. एकदाच. आता कुठल्या आईने द्यायचा राहिलेला नाही. शमूला सेवेला जायचं असेल तर आनंदाने जाऊ दे. पण तुझ्या तारणाची किंमत म्हणून त्याला पाठवशील तर ते झालेलं तारण तूच नाकारल्यासारखं होईल."

शमूच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. आप्पांनी डोळे पुसले. सगळ्यांना मोकळं वाटत होतं. आणि मी, माझा धडा जिवंत होऊन समोर उभा असताना, आमच्या घरातला पडदा माझ्यादेखत फाटत असताना, एवढाच विचार करत होते की हा सुटला. नको म्हणायचंही याच्याच वाट्याला आलं.

"मग मी जाते," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्टोव्हवर उरलेला चहा उतू गेला होता, मी स्टोव्ह बंद केला.

"कुठं?" आप्पा म्हणाले.

"सेमिनरीत. त्याच्या जागी. किंमत म्हणून नाही. मला जायचंय."

पाळकसाहेब चांगले होते, हे मी आजही म्हणेन. त्यांना खोटं बोलता आलं नाही. "आपल्या मंडळीत अजून तशी रीत नाही, बाळ," ते म्हणाले. "तू शिकव. रविवारची शाळा घे. बायकांच्या सभेत बोल."

"वाट सगळ्यांना मोकळी आहे म्हणाला होतात."

"आत जायची मोकळी आहे," ते हळू म्हणाले. "पुढे उभं राहायची आपण माणसांनी अडवली आहे. ती मला एकट्याला उघडता येत नाही."

तेव्हा शमू दारातून म्हणाला, "हिलाच पाठवा की, साहेब. विंझरला म्या जे बोललो ते समदं हिचंच हुतं." तो मनापासून म्हणाला. मला ते सहन झालं नाही. त्याच्या हातात होतं ते तो इतक्या सहज कुणालाही देऊ शकत होता, आणि माझ्यात तेवढं मोठं मनही नव्हतं.

आता सगळीकडे रीत बदलते आहे. परवा मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ टाकला, एका गावात एक बाई पाळक झगा घालून उपासना घेत होती, तिशीची असेल. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मीही पाठवलं. मग मोबाईल उपडा ठेवला आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, रविवारची शाळाही घेतली, ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण माझ्या छातीत जे कळवळलं ते काही पवित्र नव्हतं. शमूचं सारोळ्याला हायवेवर गॅरेज आहे. लोक गाडी दाखवायला येतात आणि घरचं सांगत बसतात. एकदा मी तिथे बसले असताना एक टेम्पोवाला त्याच्यापुढे ढसाढसा रडला, आणि शमू पान्याने नट सैल करत म्हणाला, "काय नाव पोराचं?" मी खुर्चीवरून उठून जवळच्या पुलाकडे चालायला गेले.

पण मला त्या आठवड्याचं शेवटचं सांगायचं आहे. पाळकसाहेब त्या दिवशी परत गेले आणि आई हलकी होईल असं आम्हाला वाटलं. ती झाली नाही. ती कामाला लागली, पण मधेच हात थांबायचे. शमूला तिने बाहेर सोडलं, तो आप्पांबरोबर डेपोत गेला. सुट्टी असली तरी जादा तासांसाठी मी कॉलेजला निघाले होते, खांद्याला पिशवी होती. आई परातीत पीठ घेऊन बसली होती, पाणी घातलेलं नव्हतं.

"इस्तर," ती म्हणाली. "हितं ये जरा."

मी पिशवी न उतरवता तिच्याजवळ बसले.

"साहेब म्हणाले ते समजलं मला. पर साहेब चांगलं मानूस हाये. मला बरं वाटावं म्हणून बी म्हणतील." तिने पिठात बोटाने खड्डा केला, बुजवला, पुन्हा केला. "तू शिकलीयास. तुला समदं येतं. तू खरं सांग. माझं तारण झालं का गं?"

आईने त्याआधी मला कधी काही विचारलं नव्हतं. सांगायची, करायला लावायची. विचारलेलं मला आठवत नाही. माझ्याकडे उत्तर होतं, ओळीने, विंझरच्या पडवीत होतं तसंच. मी ते मनात म्हणून बघितलं आणि ते तिला द्यावंसं वाटेना. मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटं अजून त्या खड्ड्याशीच होती.

"झालंय," मी म्हटलं.

"कशावरून?"

"मी म्हणते, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. डेपोतून एक गाडी बाहेर पडली आणि भांडी वाजायची थांबेपर्यंत ती बघत होती. मग तिने मोठा श्वास सोडला आणि तांब्या ओढून पिठात पाणी घातलं.

"आन शमूचं?"

आतून काहीतरी नेहमीसारखं कडवट वर आलं. मी ते गिळलं. "शमूचंपण."

"बरं," आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली, जोर लावून, आधी मळायची तशी.

मी थोडा वेळ तिथेच बसून राहिले. तिने माझं विचारलं नाही. मला कॉलेजला उशीर होतोय हेही तिला आठवलं नाही. रस्त्याला लागल्यावर माझ्या मनात आलं की पाळकसाहेब इतकी वर्षं आमच्याकडे जेवून गेले, पण त्यांनाही त्यांच्या तारणाचं कुणी कधी विचारलेलं नव्हतं.